सायकल मार्ग असताना सायकलस्वार मुख्य रस्त्यावर का? : पुणे शहराच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

गेल्या दोन दशकांत भारतातील अनेक शहरांत सायकलस्वारांसाठी स्वतंत्र मार्ग बांधण्यात आले. तथापि या मार्गांना लागून असलेल्या मुख्य रस्त्यावर, मोटारी व बस यांच्या गर्दीतून सायकल चालविणारे नागरिक आजही दिसतात. त्यांच्या या वर्तनाचा अर्थ कधी बेशिस्त असा लावला जातो, तर कधी सायकल मार्गांची गरजच उरलेली नाही असा. प्रस्तुत लेखात पुणे शहराचे उदाहरण मध्यवर्ती ठेवून या वर्तनामागील कारणांचा ऊहापोह केला आहे. सलगतेचा अभाव, थांबण्या-निघण्याचे श्रम, चौकातील धोका, अतिक्रमण आणि सदोष बांधणी यांचा एकत्रित विचार करता सायकलस्वाराचा निर्णय बहुतांशी व्यवहारी व विवेकी असतो, आणि रिकामा सायकल मार्ग हा मागणीच्या अभावाचा पुरावा ठरत नाही, असे प्रतिपादन येथे केले आहे.

बीजसंज्ञा : सायकल मार्ग, नागरी वाहतूक, रस्ता सुरक्षा, नगररचना, पुणे.

प्रस्तावना

डिसेंबर २००५ मध्ये केंद्र शासनाने जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण अभियान सुरू केले. पाठोपाठ २००६ मध्ये राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण जाहीर झाले. रस्त्यांचे नियोजन वाहनांच्या सोयीसाठी नव्हे तर माणसांच्या सोयीसाठी व्हावे, हे या धोरणाचे मुख्य सूत्र होते. पायी चालणारे व सायकल चालविणारे यांना रस्त्यात न्याय्य जागा मिळावी, असा आग्रह त्यात होता. या धोरणाला निधीची जोड मिळाल्याने अनेक महानगरपालिकांनी सायकल मार्ग बांधावयास घेतले.

मार्ग बांधले गेले, परंतु त्यांचा वापर अपेक्षेप्रमाणे झाला नाही. एका बाजूला रंगीत फरशांचा मोकळा सायकल मार्ग आणि त्याच्या शेजारी, अवघ्या दोन-तीन हातांवर, बसच्या चाकांजवळून पायडल मारणारा सायकलस्वार, हे दृश्य शहरवासीयांच्या परिचयाचे झाले. या दृश्यातून दोन निष्कर्ष काढले जातात. पहिला असा की, सायकलस्वारांना शिस्त नाही. दुसरा असा की, लोकांना सायकल मार्ग नको आहेत, तेव्हा ती जागा मोटारींसाठी किंवा पार्किंगसाठी मोकळी करावी. पहिला निष्कर्ष सायकलस्वारावर दोष ठेवतो, दुसरा त्याची जागाच काढून घेतो. या दोन्ही निष्कर्षांचे परिणाम गंभीर असल्यामुळे त्यांची चिकित्सा करणे आवश्यक ठरते. केंद्रीय रस्ते वाहतूक व महामार्ग मंत्रालयाच्या आकडेवारीनुसार २०२१ व २०२२ या दोन्ही वर्षी देशात ४ हजारांहून अधिक सायकलस्वार रस्ते अपघातांत मृत्युमुखी पडले. मुख्य रस्त्यावर सायकल चालविणे धोक्याचे आहे, हे सायकलस्वारास इतर कोणाहीपेक्षा अधिक ठाऊक असते. तरीही तो मार्ग सोडून रस्त्यावर का येतो, हाच खरा प्रश्न आहे.

पुणे : सायकलींच्या शहराची पार्श्वभूमी

विसाव्या शतकाच्या मध्यात पुणे हे ‘सायकलींचे शहर’ म्हणून ओळखले जात असे. पेठांमधील अरुंद रस्ते, मर्यादित अंतरे, मोठा विद्यार्थिवर्ग आणि खडकी-पिंपरी परिसरातील कारखान्यांत जाणारा कामगार यांमुळे सायकल हे येथील सर्वसामान्य वाहन बनले होते. पुढे शहराचा विस्तार झाला, अंतरे वाढली, स्कूटर व मोटारसायकल मध्यमवर्गाच्या आवाक्यात आली आणि सायकलीची जागा दुचाकीने घेतली. रस्ते रुंद करताना आणि उड्डाणपूल बांधताना मोटार वाहनांचा वेग हाच निकष मानला गेल्याने उरलेल्या सायकलस्वारांसाठी रस्ता अधिकाधिक अवघड होत गेला.

डिसेंबर २००६ मध्ये कात्रज-स्वारगेट-हडपसर या मार्गावर जलद बस वाहतूक योजनेचा, म्हणजेच बीआरटीचा, देशातील पहिला पथदर्शी प्रयोग पुण्यात झाला. या योजनेत बससाठी राखीव मार्गिका, मोटार वाहनांसाठी मार्गिका, सायकल मार्ग आणि पदपथ अशी रस्त्याची विभागणी कल्पिली होती. त्यानंतर शहरातील इतर रस्त्यांवरही सायकल मार्ग झाले. अलीकडच्या काळात जंगली महाराज रस्त्याच्या पुनर्रचनेतही सायकलीचा विचार केला गेला. डिसेंबर २०१७ मध्ये महानगरपालिकेने सर्वंकष सायकल आराखड्यास मंजुरी दिली. आठशे किलोमीटरहून अधिक लांबीचे जाळे त्यात प्रस्तावित होते. त्याच सुमारास भाड्याच्या सायकलींच्या योजनाही शहरात आल्या आणि काही काळाने त्यांचा उत्साह ओसरला. थोडक्यात, पुण्यात धोरण, निधी, आराखडा आणि सायकलीची परंपरा या चारही गोष्टी होत्या. असे असूनही सायकल मार्गांचा वापर मर्यादित राहिला, म्हणूनच हे उदाहरण अभ्यासनीय ठरते.

सायकल मार्ग कोणासाठी?

स्वतंत्र सायकल मार्गाच्या कल्पनेचा इतिहास पाहिल्यास तिच्यामागे आरंभापासून दोन भिन्न हेतू वावरत असल्याचे दिसते. एक हेतू सायकलस्वारास सुरक्षित व सुखकर वाट देण्याचा, तर दुसरा मोटारींच्या वाटेतून सायकल दूर करण्याचा. लंडनच्या पश्चिमेस वेस्टर्न ॲव्हेन्यू या रस्त्यालगत डिसेंबर १९३४ मध्ये सुमारे अडीच मैल लांबीचा सायकल मार्ग सुरू झाला, तेव्हा तेथील सायकलस्वारांच्या संघटनेने त्यास विरोध केला होता. निकृष्ट मार्ग देऊन पुढे मुख्य रस्त्यावर येण्यास बंदी केली जाईल, अशी त्यांची भीती होती. जर्मनीत त्याच वर्षी लागू झालेल्या वाहतूक नियमांनी जेथे सायकल मार्ग आहे तेथे त्याचा वापर सक्तीचा केला. मोटारींसाठी रस्ता मोकळा व्हावा, हे त्यामागील उघड प्रयोजन होते. ही सक्ती पुढे अनेक दशके टिकली. १९९० च्या दशकाच्या अखेरीस ती विशिष्ट फलक लावलेल्या मार्गांपुरती मर्यादित झाली आणि २०१० मध्ये तेथील संघीय प्रशासकीय न्यायालयाने विशेष धोका असल्याखेरीज अशी सक्ती करता येणार नाही, असा निर्णय दिला.

अमेरिकेत १९७० च्या दशकात कॅलिफोर्नियातील जॉन फॉरेस्टर यांनी याच मुद्द्यावर एक विचारप्रवाह उभा केला. सायकल हे वाहन आहे, सायकलस्वाराने इतर वाहनचालकांप्रमाणे रस्त्याचे नियम पाळून मुख्य रस्त्यावरूनच जावे आणि इतरांनीही त्यास वाहनचालक म्हणून वागवावे, ही त्यांची भूमिका होती. १९७६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘इफेक्टिव्ह सायकलिंग’ या ग्रंथातून त्यांनी तिचा प्रसार केला. सदोष मार्गांवरील त्यांची टीका मार्मिक होती. तथापि त्यांचा उपाय धाडसी, सशक्त व वेगवान स्वारालाच मानवणारा होता. शाळकरी मूल, वृद्ध, पाठीमागे ओझे बांधलेला कामगार यांना ताशी ५०-६० किलोमीटर वेगाच्या वाहतुकीत आत्मविश्वासाने मिसळण्यास सांगणे व्यवहार्य नाही.

या इतिहासातून मूल्यमापनाची एक कसोटी हाती लागते. मार्ग बांधताना सायकलस्वाराचा प्रवास डोळ्यांपुढे होता, की रस्त्याची विभागणी झाल्यावर उरलेली जागा त्याला देण्यात आली? पुण्यातील व इतर भारतीय शहरांतील अनेक मार्ग या कसोटीवर दुसऱ्या प्रकारात मोडतात.

मार्ग टाळण्याची कारणे

नेदरलँड्समध्ये सायकल मार्गांच्या आखणीसाठी पाच गुण आवश्यक मानले जातात : सलगता, थेटपणा, सुरक्षितता, सुखावहपणा आणि आकर्षकता. यांपैकी पहिले चार गुण आपल्याकडील मार्गांना लावून पाहिल्यास सायकलस्वाराच्या वर्तनाचा उलगडा होऊ लागतो.

*१) सलगतेचा अभाव*

सायकलस्वारास मार्ग नको असतो, त्यास घरापासून कामाच्या ठिकाणापर्यंत पोहोचावयाचे असते. पाच किलोमीटरच्या प्रवासात दीड किलोमीटर सायकल मार्ग असला, तरी उरलेले साडेतीन किलोमीटर त्यास वाहतुकीतूनच जावे लागते. शिवाय हा दीड किलोमीटरही अखंड नसतो. उड्डाणपुलाचा उतार, पेट्रोल पंप, बसथांबा किंवा रस्ता अरुंद होण्याची जागा येताच मार्ग कोणतीही पूर्वसूचना न देता संपतो. मार्ग जेथे संपतो तेथे सायकलस्वारास कडेवरून उतरून वेगवान वाहनांच्या प्रवाहात शिरावे लागते. प्रवाहाबरोबर आधीपासून जाणाऱ्या सायकलस्वारापेक्षा असा अचानक शिरणारा स्वार अधिक धोक्यात असतो. मार्गावर चढण्या-उतरण्याची प्रत्येक जागा म्हणजे एक नवा धोका असेल, तर अनुभवी सायकलस्वार मुळात मार्गावर चढतच नाही.

मुंबईच्या वांद्रे-कुर्ला संकुलात आखलेला सायकल मार्ग हे याचेच दुसरे उदाहरण होय. संकुलात येणारा बहुसंख्य नोकरदार वांद्रे व कुर्ला या रेल्वे स्थानकांवरून येतो. मार्ग संकुलाच्या आत होता, परंतु स्थानकापासून संकुलापर्यंतचा खरा अडचणीचा टप्पा तसाच राहिला. मग त्या मार्गावर वाहने उभी राहू लागली, यात नवल नाही.

*२) श्रमांचा हिशेब*

मोटारचालकास थांबून पुन्हा निघणे म्हणजे केवळ पाय दाबणे असते. सायकलस्वारास त्याची किंमत स्नायूंनी मोजावी लागते. सायकल व स्वार यांचे एकत्रित वजन ८० किलो आणि वेग ताशी १८ किलोमीटर, म्हणजे सेकंदाला ५ मीटर, धरल्यास त्यांची गतिज ऊर्जा १,००० ज्यूल होते. प्रत्येक वेळी पूर्ण थांबल्यावर ही ऊर्जा ब्रेकमध्ये वाया जाते आणि ती पुन्हा निर्माण करावी लागते. सर्वसाधारण स्वार सातत्याने सुमारे १०० वॅट शक्ती लावतो असे मानले, तर एका थांब्याची किंमत १० सेकंदांच्या परिश्रमाइतकी, म्हणजेच ५० मीटर अंतर कापण्याइतकी होते. एका किलोमीटरमध्ये सोसायट्यांची फाटके, दुकानांचे उतार, उभी वाहने व आडवे रोवलेले खांब यांमुळे दहा वेळा थांबावे लागले, तर त्या किलोमीटरचे श्रम जवळपास दीडपट होतात.

मुख्य रस्त्यावरून हेच अंतर बहुधा एका-दोन सिग्नलांच्या थांब्यांत पार होते. कामगार, वृत्तपत्र वाटणारा, रात्रपाळीचा पहारेकरी यांच्या दृष्टीने हा फरक दिवसभराच्या थकव्याचा असतो. जो मार्ग वळणे घेत जातो, पदपथावर चढतो व पुन्हा उतरतो, तो कागदावर समांतर असला तरी शरीराच्या हिशेबात लांबचा असतो. थेटपणा हा गुण चैनीचा नसून सायकलीच्या यंत्रशास्त्रातूनच येतो, ही बाब आपल्याकडे फारशी लक्षात घेतली गेलेली नाही.

*३) चौकातील धोका*

स्वतंत्र मार्गाविषयीचा सर्वांत मोठा गैरसमज असा की, तो सर्वत्र सुरक्षितच असतो. दोन चौकांमधील सरळ भागात कठड्याने विलग केलेला मार्ग मागून येणाऱ्या वाहनापासून संरक्षण देतो, हे खरे आहे. परंतु शहरातील धोका मोठ्या प्रमाणावर चौकात व फाट्यांवर एकवटलेला असतो. आपल्याकडे वाहने डाव्या बाजूने चालतात. मुख्य रस्त्यावरून डावीकडे वळणाऱ्या चालकाचे लक्ष समोर व उजवीकडे असते. त्याच्या डाव्या हाताला झाडे, उभी वाहने व फलक यांच्या आड असलेला सायकल मार्ग त्यास दिसत नाही. तेथून सरळ जाणारा सायकलस्वार ऐन वळणावर त्याच्यासमोर येतो. हाच सायकलस्वार मुख्य रस्त्यावर चालकाच्या पुढे असता, तर तो वळणापूर्वीच नजरेत आला असता. उजवीकडे वळू इच्छिणाऱ्या सायकलस्वाराची अडचण याहून वेगळी आहे. मार्गावर असताना त्यास चौकात पोहोचेपर्यंत डाव्या कडेलाच राहावे लागते आणि मग सर्व मार्गिका एकदम ओलांडाव्या लागतात.

कोपनहेगनसारख्या सायकलस्नेही शहरातील मार्गांच्या पूर्वोत्तर तुलनेतही मधल्या भागातील अपघात घटल्याचे, मात्र चौकांतील अपघात वाढल्याचे दिसून आले. त्याच वेळी तेथील सायकलींची संख्याही वाढली होती. तेव्हा मार्ग निरुपयोगी ठरतो असा याचा अर्थ नव्हे. चौकाची रचना न बदलता केवळ मार्ग बांधल्यास धोक्याची जागा बदलते, असा त्याचा अर्थ आहे. नेदरलँड्समध्ये चौकात मार्ग थोडा बाजूला घेतात, त्यामुळे वळलेल्या वाहनाचा चालक व सायकलस्वार एकमेकांस समोरासमोर दिसतात. वळणाचा कोपरा आवळून वाहनाचा वेग कमी केला जातो आणि अनेक ठिकाणी सायकलची वाट किंचित उंच ठेवली जाते. आपल्याकडील मार्ग मात्र बहुधा चौकाच्या अलीकडे संपतो आणि पलीकडे पुन्हा सुरू होतो. जेथे संरक्षणाची सर्वाधिक गरज, नेमके तेथेच ते नसते.

*४) अतिक्रमण व दुचाकींचा शिरकाव*

विक्रेत्यांच्या हातगाड्या, दुकानांचे फलक, विजेच्या पेट्या, बांधकामाचा राडारोडा आणि सर्वांत अधिक म्हणजे उभी केलेली वाहने यांनी सायकल मार्ग व्यापलेला असतो. गर्दीच्या वेळी मोटारसायकली व स्कूटरही त्यावर शिरतात. मोटार वाहनांना पदपथ व सायकल मार्गावरून जाण्यास १९८९ च्या वाहतूक नियमांनी मनाई केली होती. २०१७ मध्ये त्यांची जागा नव्या नियमांनी घेतली. कायद्याची उणीव नाही, अंमलबजावणीची आहे. दिल्लीत एप्रिल २००८ मध्ये सुरू झालेल्या आंबेडकर नगर ते मूलचंद या बीआरटी मार्गावर विलग सायकल मार्ग होता. तेथेही दुचाकींचा शिरकाव ही कायमची डोकेदुखी बनली. तो बीआरटी मार्ग २०१६ मध्ये काढून टाकण्यात आला.

दुचाकी रोखण्यासाठी मग मार्गाच्या तोंडाशी लोखंडी खांब रोवले जातात. त्यांमधील अंतर कमी ठेवल्यास सामान लादलेली सायकल व तीनचाकी सायकल अडते, अधिक ठेवल्यास स्कूटर आत येते. अशा उपायांतून दुचाकीस्वारापेक्षा सायकलस्वारच अधिक नाडला जातो. येथे फेरीवाल्यांवर सरसकट ठपका ठेवणेही उचित नाही. पदपथ अपुरा असला की पादचारी सायकल मार्गावर येतात आणि विक्रेता पादचाऱ्यांच्या मागोमाग येतो. अनेक ठिकाणी सायकल मार्गावरील गर्दी ही मूलतः पदपथाच्या टंचाईची खूण असते.

*५) रुंदी, पृष्ठभाग व देखभाल*

इंडियन रोड्स काँग्रेसने १९६२ मध्येच सायकल मार्गांची मानके प्रसिद्ध केली होती. त्यांनुसार मार्गाची रुंदी किमान २ मीटर असावी, तर मागून येणाऱ्यास पुढे जाता यावे यासाठी ती ३ मीटर असावी. हे मानक २०१५ मध्ये सुधारून पुन्हा प्रसिद्ध झाले. मानके उपलब्ध असताना प्रत्यक्षात मार्ग अनेकदा त्याहून अरुंद असतो आणि मध्येच झाड अथवा खांब आल्यास एका सायकलीपुरताही उरत नाही. डांबरी रस्त्याऐवजी पेव्हर ब्लॉक वापरल्याने दोन अडचणी उद्भवतात. सांध्यांमुळे सतत हादरे बसतात आणि ब्लॉक खचले की चाक अडते. पावसाळ्यात त्यांवर शेवाळ व चिखल साचून सायकल घसरते. चेंबरची उंच-सखल झाकणे, तुटलेल्या जाळ्या व रात्रीचा अंधार यांची त्यात भर पडते. मुख्य रस्ता बिघडल्यास हजारो वाहनचालक तक्रार करतात. सायकल मार्ग बिघडल्यास तक्रार करणाऱ्याचा आवाज क्षीण असतो, म्हणून तो दुरुस्त होत नाही आणि दुरुस्त होत नाही म्हणून कोणी वापरत नाही. हे दुष्टचक्र लक्षणीय आहे.

सर्व सायकलस्वार सारखे नसतात

वरील कारणांचा प्रभाव प्रत्येकावर सारखा पडत नाही. पहाटे व्यायामासाठी हलकी सायकल घेऊन ताशी २५-३० किलोमीटर वेगाने जाणाऱ्यास अरुंद मार्ग त्याच्या वेगामुळेच धोक्याचा वाटतो. तो रस्ता पसंत करतो आणि त्या वेळी रस्ताही मोकळा असतो. कारखान्यात वा बांधकामावर जाणारा कामगार वेळ व श्रम यांचा हिशेब करतो. शाळकरी मुले व अनेक स्त्रिया वाहतुकीत शिरण्याऐवजी सायकल वापरणेच सोडून देतात, त्यामुळे त्या ना मार्गावर दिसतात ना रस्त्यावर. ही शेवटची बाब सर्वांत महत्त्वाची आहे. रस्त्यावर दिसणारे सायकलस्वार हे एक तर निरुपायाने तेथे आलेले असतात किंवा धाडसाने. मार्ग चांगला असता तर आले असते, असे नागरिक गणनेत येतच नाहीत.

२०११ च्या जनगणनेनुसार शेती व घरगुती उद्योग वगळता इतर कामे करणाऱ्यांपैकी सुमारे १३ टक्के व्यक्ती सायकलने कामावर जात होत्या. हा वर्ग मोठा आहे, परंतु नागरी चर्चेत त्याचे प्रतिनिधित्व अल्प आहे. सायकल मार्गाची चर्चा बहुधा पर्यावरण व आरोग्य यांच्या अंगाने होते. ज्याच्याजवळ बसच्या भाड्याचे पैसे वाचविण्यासाठी सायकलखेरीज पर्याय नाही, त्याच्या दृष्टीने हा प्रश्न उपजीविकेचा व जिवाचा आहे.

रिकामा मार्ग आणि मागणीचे मोजमाप

‘मार्ग रिकामा आहे, म्हणजे मागणी नाही’ या युक्तिवादातील उणीव आता स्पष्ट होते. नदीवर अर्धाच पूल बांधून त्यावरून किती लोक जातात याची मोजदाद केली, तर उत्तर शून्यच येईल. परंतु त्यावरून नदी ओलांडण्याची कोणास गरज नाही, असे कोणी म्हणणार नाही. जाळ्याचा उपयोग त्याच्या तुकड्यांच्या बेरजेइतका नसतो. तो तुकडे जोडले जाण्यावर अवलंबून असतो.

या विधानास परदेशातील अनुभव पुष्टी देतात. नेदरलँड्समध्ये १९७१ साली रस्ते अपघातांत तीन हजारांहून अधिक व्यक्तींचा मृत्यू झाला, त्यांत चारशेहून अधिक मुले होती. त्यातून मोठे जनआंदोलन उभे राहिले. १९७० च्या दशकात तेथील शासनाने टिलबर्ग व हेग या शहरांत प्रत्येकी एक उत्कृष्ट प्रात्यक्षिक मार्ग बांधला. मार्ग उत्तम असूनही एकूण सायकल वापरावर त्याचा परिणाम माफकच राहिला. पुढे डेल्फ्ट शहरात संपूर्ण जाळ्याचा प्रयोग झाला, तेव्हा एकेका मार्गापेक्षा सलग जाळे निर्णायक ठरते हा धडा पक्का झाला. स्पेनमधील सेव्हिल शहरात सायकलीची विशेष परंपरा नव्हती. तेथे २००६ नंतरच्या मोजक्या वर्षांत शंभर किलोमीटरहून अधिक लांबीचे परस्परांशी जोडलेले व विलग मार्ग झाले आणि सायकल फेऱ्यांची संख्या कित्येक पटींनी वाढली. लोकांची मानसिकता आधी बदलावी लागते, हा समज या उदाहरणाने खोडून निघतो.

संख्येचा सुरक्षिततेशीही संबंध आहे. पीटर जेकबसन यांनी २००३ मध्ये निरनिराळ्या देशांतील आकडेवारीच्या आधारे असे दाखविले की, सायकलस्वार व पादचारी यांची संख्या दुप्पट झाल्यास प्रत्येकाचा वैयक्तिक धोका सुमारे एक तृतीयांशाने घटतो. यातील कार्यकारणभावाविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत, तथापि दोन्ही बाबी परस्परांसोबत आढळतात हे मान्य आहे. उलटपक्षी, निकृष्ट मार्गामुळे सायकलस्वार घटले की उरलेल्यांचा धोका वाढण्याची शक्यता असते.

उपाययोजनांची दिशा

सर्वच रस्त्यांवर स्वतंत्र मार्ग हवेत, असे नाही. नेदरलँड्समध्ये ताशी ३० किलोमीटरपर्यंत वेगाच्या रस्त्यावर सायकल व मोटार एकत्र चालतात, तर त्याहून अधिक वेगाच्या रस्त्यावर त्यांना विलग केले जाते. वेग ३० वरून ५० किलोमीटरवर गेल्यास त्याच वाहनाची गतिज ऊर्जा सुमारे पावणेतीन पट होते, हे त्यामागील कारण आहे. पुण्याच्या पेठांतील अरुंद रस्त्यांवर वेगमर्यादेचे काटेकोर पालन झाले, तर सायकलस्वारास वेगळी वाट लागणार नाही. सातारा रस्ता, सोलापूर रस्ता, नगर रस्ता यांसारख्या रुंद व वेगवान रस्त्यांवर मात्र विलग मार्गास पर्याय नाही.

अशा रस्त्यांवर पुढील बाबी प्राधान्याने व्हावयास हव्यात. पहिली, नवे तुकडे बांधण्याआधी जुने तुकडे जोडणे. दुसरी, चौकांची पुनर्रचना व त्यांतून सायकलची अखंड वाट. तिसरी, पदपथ पुरेसा रुंद करून सायकल मार्गावरील पादचाऱ्यांचा भार हलका करणे. चौथी, फाटकांपाशी मार्ग खाली न आणता त्याच पातळीत ठेवणे व वाहनांना त्यावर चढून जावयास लावणे. पाचवी, पेव्हर ब्लॉकऐवजी सलग डांबरी किंवा काँक्रीटचा पृष्ठभाग वापरणे आणि देखभालीसाठी स्वतंत्र तरतूद करणे. आणि सहावी, मार्गाचा दर्जा सुधारेपर्यंत मुख्य रस्त्यावर येणाऱ्या सायकलस्वारास दोषी न ठरविणे.

मोजमापाची पद्धतही बदलली पाहिजे. केवळ मार्गावरील सायकली मोजण्याऐवजी त्याच ठिकाणी, त्याच वेळी, मुख्य रस्त्यावरील सायकलीही मोजाव्यात. पहिली संख्या अल्प आणि दुसरी मोठी असेल, तर मागणी आहे पण मार्ग सदोष आहे, असे अनुमान निघते. या कामात महाविद्यालयांना मोठा वाव आहे. भूगोल, समाजशास्त्र, संख्याशास्त्र व पर्यावरणशास्त्र या विषयांच्या विद्यार्थ्यांकडून महाविद्यालयाच्या फाटकालगतच्या रस्त्यावर अशी गणना, तसेच सायकलस्वारांच्या मुलाखती, प्रकल्पकार्य म्हणून करून घेता येतील. महानगरपालिकेस यातून उपयुक्त आधारसामग्री मिळेल आणि विद्यार्थ्यांस क्षेत्रकार्याचा अनुभव लाभेल.

निष्कर्ष

सायकल मार्ग सोडून मुख्य रस्त्यावर येणारा सायकलस्वार नियम मोडण्याच्या हौसेपोटी तसे करीत नाही. तुटक वाट, वाढीव श्रम, चौकातील न दिसणारा धोका, अडविलेला व उखडलेला मार्ग यांची तुलना तो मुख्य रस्त्यावरील उघड धोक्याशी करतो आणि दुसऱ्याची निवड करतो. ही निवड मार्गाच्या गुणवत्तेविषयीचा त्याचा अभिप्राय असते. या अभिप्रायाची दखल घेऊन मार्ग सुधारले, तर पुण्यासारख्या शहरात सायकलीस पुन्हा स्थान मिळू शकते. तो दुर्लक्षून रिकामे मार्ग मोटारींसाठी मोकळे केले, तर ज्यांना सायकलीवाचून गत्यंतर नाही अशा नागरिकांवर धोक्याचा रस्ता कायमचा लादला जाईल. म्हणून मार्ग वापरात नाही असे आढळल्यास सायकलस्वाराची चौकशी करण्यापूर्वी मार्गाची चौकशी होणे अगत्याचे आहे.